गाठीचा ताप ओळखणारे डॉ. व्हिएगस

मुंबईवर १८९६ साली कोसळलेल्या प्लेगचे निदान सर्वप्रथम जाहीरपणे मांडले ते मांडवीत दवाखाना चालविणाऱ्या एका गोमंतकीय डॉक्टरने. ताप आणि गाठ या दोन लक्षणांवरून संकटाचे नाव सांगणाऱ्या डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांच्या जीवनकार्याचा हा परिचय.

ताप आणि त्याबरोबर अंगावर उठलेली गाठ ही जोडी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ओळखीची आहे. पायात काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. मानेभोवती हळूहळू वाढत जाणाऱ्या गाठींना गंडमाळ म्हणत, तर गुप्तरोगाने जांघेत येणाऱ्या गाठीला बद. रोग वेगवेगळे, उपाय वेगवेगळे आणि परिणामही वेगवेगळे. पण हाताला लागणारी गाठ मात्र वरवर पाहता सारखीच. त्यामुळे ताप आलेल्या माणसाच्या अंगावरील गाठ नेमके काय सांगते आहे, हे ओळखणे हा वैद्यकातील एक जुना आणि अवघड प्रश्न राहिला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत हा प्रश्न अक्षरशः लाखो लोकांच्या जीवनमरणाचा ठरला. त्यावेळी त्याचे अचूक उत्तर देणारे डॉ. व्हिएगस हे कोणी प्रयोगशाळेतील संशोधक नव्हते. ते रोज रुग्ण तपासणारे खासगी डॉक्टर आणि महापालिकेतील लोकप्रतिनिधी होते. या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे असल्यामुळेच दवाखान्यातले निदान थेट शहराच्या कारभाऱ्यांसमोर पोहोचू शकले.

गोव्यातून मुंबईत

अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्याच्या बार्देस तालुक्यातील हडफडे या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. उच्च शिक्षण आणि उपजीविका यांच्या शोधात अनेक गोमंतकीय कुटुंबांची वाट मुंबईकडे वळत असे. वैद्यकाच्या क्षेत्रात तर या वाटेला प्रतिष्ठा होती. पेडणे तालुक्यातील मांद्रे येथे जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होते आणि मुंबईच्या सार्वजनिक जीवनात त्यांनी मानाचे स्थान मिळविले होते.

व्हिएगस यांनी १८७४ साली सेंट झेवियर्समधून मॅट्रिकची परीक्षा दिली आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १८८० साली ते तेथून वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या विद्यार्थिदशेचा काळ वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मोठ्या स्थित्यंतराचा होता. दूषित हवेमुळे ताप येतात, हा जुना समज अद्याप प्रबळ होता. परंतु सूक्ष्मजंतूंमुळे रोग होतात, हा विचार युरोपात मूळ धरू लागला होता. मुंबईतही त्याचे प्रत्यंतर येत होते. १८७७ च्या दुष्काळात शहरात आलेल्या दुष्काळग्रस्तांमध्ये पुनःपुन्हा उलटणाऱ्या तापाची साथ पसरली, तेव्हा डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी अशा रुग्णांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली नागमोडी जंतू पाहिले. एकाच नावाखाली मोडणारे अनेक ताप प्रत्यक्षात निरनिराळे असतात आणि ते वेगळे करून दाखविता येतात, हे त्यातून मुंबईच्या वैद्यकविश्वाला उमगले.

पदवीनंतर व्हिएगस यांनी मांडवी भागात आपला व्यवसाय मांडला. १८८८ साली ते मुंबई महापालिकेवर निवडून गेले. त्याच वर्षी महापालिकेचा नवा कायदा अस्तित्वात आला होता आणि शहराच्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या स्थायी समितीचे महत्त्व वाढले होते. या समितीत व्हिएगस यांनी काम केले.

मांडवीतील सप्टेंबर

मांडवी म्हणजे त्या काळच्या मुंबईचे कोठार. मशीद बंदराला लागून असलेल्या या भागात धान्याच्या वखारी, साखर-किराण्याची गोदामे आणि त्यांच्या माथ्यावर हमाल-कामगारांची दाटीवाटीची वस्ती होती. जवळच गोदीत देशोदेशींची जहाजे लागत. धान्य आले की उंदीर आलेच. १८९६ च्या पावसाळ्यात या वखारींतून मेलेले उंदीर सापडू लागले आणि पाठोपाठ माणसे तापाने दगावू लागली.

या मृत्यूंकडे प्रथम कोणाचे विशेष लक्ष गेले नाही. पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत तापाचे रुग्ण नेहमीच वाढत. मृत्यूच्या नोंदवहीत ताप एवढाच शब्द लिहिला की काम भागत असे. व्हिएगस यांनी मात्र आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या तापाचा नुसता चढउतार न पाहता त्यांचे अंग तपासले. एकाएकी भरून येणारा तीव्र ताप, लालबुंद डोळे, जड झालेली जीभ, दारू प्यायल्यासारखी अडखळती चाल आणि बोलणे, लवकरच येणारे भ्रमिष्टपण आणि या सर्वांसोबत जांघेत किंवा काखेत उठलेली, हात लावू न देणारी दुखरी गाठ, असे हे चित्र होते. बहुतेक रुग्ण काही दिवसांतच दगावत होते.

येथे पर्याय अनेक होते. हिवताप म्हणावा तर त्यात अशी गाठ येत नाही. गुप्तरोगाची बद म्हणावी तर तिच्यासोबत इतका दारुण ताप नसतो आणि रुग्ण आठवडाभरात मरत नाही. हत्तीरोगाच्या तापातही जांघेत गाठी येतात, पण तो ताप वारंवार उलटून येतो आणि पायावर सूज ठेवून जातो. पायाच्या जखमेमुळे आलेले अवधाण म्हणावे तर पायावर जखम सापडायला हवी. घसा सुजून मानेत गाठी येणाऱ्या एका तापाचे वर्णन जर्मनीतील एमिल फायफर यांनी १८८९ साली केले होते आणि त्याला ग्रंथिज्वर असे नाव दिले होते. परंतु तो प्रामुख्याने मुलांना होणारा, बरा होणारा आजार होता. मांडवीत तर धडधाकट माणसे मरत होती. एकेक शक्यता वगळत गेल्यावर जे नाव उरत होते, ते उच्चारण्यास कोणीही कचरले असते. ते नाव होते प्लेग.

हा रोग भारताला सर्वस्वी अपरिचित नव्हता. १८१५ च्या सुमारास कच्छमध्ये आणि १८३६ साली राजस्थानातील पाली येथे त्याच्या साथी येऊन गेल्या होत्या. कुमाऊँ-गढवालच्या डोंगराळ भागात महामारी या नावाने तो अधूनमधून डोके वर काढत असे. मुंबईच्या डॉक्टरांच्या हयातीत मात्र त्याचा अनुभव नव्हता. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला प्लेगची मोठी साथ आली होती आणि तेथेच अलेक्झांडर येर्सिन यांनी गाठीतील द्रवातून प्लेगचा जंतू शोधून काढला होता. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यातील जहाजवाहतूक अखंड सुरू होती. ही संगती व्हिएगस यांच्या निदानाला बळ देणारी होती.

नाव उच्चारण्याचे धैर्य

२३ सप्टेंबर १८९६ रोजी महापालिकेच्या स्थायी समितीच्या बैठकीत डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत गाठीच्या प्लेगने शिरकाव केल्याचे सांगितले. त्यांच्या हाती त्यावेळी जंतूची प्रयोगशाळेतील नोंद नव्हती. रुग्णांच्या अंगावर दिसलेली लक्षणे आणि त्यांचा एकमेकांशी असलेला मेळ हाच त्यांचा पुरावा होता. निदान चुकले असते तर व्यवसाय आणि सार्वजनिक प्रतिष्ठा या दोहोंवर पाणी पडले असते.

शहरात या निवेदनाने खळबळ उडाली. अनेकांनी त्यावर अविश्वास दाखविला. त्यामागे केवळ वैद्यकीय शंका नव्हती. प्लेग हा शब्द अधिकृतपणे उच्चारला गेला की परदेशी बंदरे मुंबईहून आलेल्या जहाजांवर बंदी घालणार, माल अडकून पडणार आणि व्यापार बसणार, हे सर्वांना दिसत होते. ही चिंता केवळ मुंबईच्या पेढ्यांपुरती मर्यादित नव्हती. वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला येत असे आणि तेथून जगाच्या बाजारात जात असे. आजचा यवतमाळ जिल्हा त्याकाळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्या काळ्या जमिनीत पिकलेल्या कापसाचा भावही मुंबई बंदर उघडे राहण्यावर अवलंबून होता. त्यामुळे गाठीचा ताप, विशिष्ट प्रकारचा ताप अशा मोघम शब्दांआड मूळ नाव झाकण्याकडे कल होता. मराठी वृत्तपत्रांतही ग्रंथिक सन्निपात हा शब्द रूढ झाला.

निदानाची फेरतपासणी झाली. कॉलऱ्यावरील लसीमुळे ख्यातनाम झालेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना कलकत्त्याहून पाचारण करण्यात आले. ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईत दाखल झाले. रुग्णांच्या गाठीतील द्रवात प्लेगचे जंतू आढळले आणि व्हिएगस यांचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीवर खरे ठरले. पुढील वर्षी ऑस्ट्रिया, जर्मनी, रशिया आदी देशांनी आपली तज्ज्ञ मंडळे मुंबईस पाठविली. जर्मन मंडळासोबत रॉबर्ट कॉख यांच्यासारखे जंतुशास्त्राचे अध्वर्यूही आले.

गाठ हे प्लेगचे ठळक लक्षण असले, तरी ते एकमेव नाही, हेही याच साथीत स्पष्ट झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. चाइल्ड यांनी गाठ न येता थेट फुप्फुसावर हल्ला करणाऱ्या प्लेगचे वर्णन केले. त्याच महाविद्यालयातील डॉ. मॅन्सर यांचा जानेवारी १८९७ मध्ये रुग्णसेवा करता करता प्लेगनेच मृत्यू झाला. रोग ओळखण्यासाठी रुग्णाच्या जवळ जाणे किती जोखमीचे होते, याची यावरून कल्पना येते. व्हिएगस स्वतः त्या दिवसांत मांडवीतील रुग्णांना तपासत होते.

हाफकिन यांची लस

हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लसीचे काम सुरू केले. मांसरसात वाढविलेले प्लेगचे जंतू उष्णतेने मारून त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिचा प्रयोग झाला. मेलेल्या जंतूंची सुई निरोगी माणसाने टोचून घ्यावी, ही कल्पना त्या काळातील सामान्यजनांना पटणे कठीण होते. लसीने नपुंसकत्व येते, धर्म बुडतो अशा नाना अफवा पसरल्या.

अशा वेळी अनोळखी सरकारी डॉक्टरापेक्षा वस्तीतल्या परिचित डॉक्टरचा शब्द अधिक उपयोगी पडला. डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८ हजार मुंबईकरांना लस टोचल्याचे सांगितले जाते. ज्या हाताने गाठ ओळखली, त्याच हाताने लस टोचली गेली, असा हा योग होता. वस्त्यांची स्वच्छता आणि उंदरांचा नायनाट यांसाठीही त्यांनी आवाज उठविला. उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. तोपर्यंत उंदरांचे मरण आणि माणसांचे मरण यांच्यातील नाते हे निरीक्षणापुरतेच मर्यादित होते.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. पुढे १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

निदानानंतरची शोकांतिका

अचूक निदानाने शहर सावध झाले खरे, परंतु त्या निदानाचा सरकारने केलेला वापर हा या इतिहासाचा दुःखद भाग आहे. रुग्णांना बळजबरीने इस्पितळात नेणे, घरे रिकामी करणे, सामान जाळणे असे उपाय सुरू झाले. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली. ऑक्टोबर १८९६ अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत, १८९१ च्या खानेसुमारीनुसार सव्वाआठ लाख वस्ती असलेल्या मुंबईतून पावणेचार लाखांच्या आसपास लोकांनी बाहेरचा रस्ता धरला. त्यांच्यासोबत रोगही रेल्वेमार्गाने गावोगावी गेला. पुण्यापाठोपाठ तो राज्यभर पसरला आणि पुढील काही वर्षांत वऱ्हाडातही पोहोचला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. रेल्वे स्थानकांवर उतारूंना रांगेत उभे करून त्यांच्या जांघा आणि काखा चाचपण्यात येऊ लागल्या. स्त्रियांची अशी तपासणी होणे हा तर त्या समाजाला असह्य अपमान वाटला. डॉक्टरने दवाखान्यात विश्वासात घेऊन केलेली तपासणी आणि फलाटावर हुकमाने केलेली तपासणी यात शास्त्रदृष्ट्या फारसा फरक नव्हता. दोन्हीकडे गाठच शोधली जात होती. पण पहिल्या तपासणीत रुग्ण आपले दुखणे दाखवीत होता आणि दुसऱ्या तपासणीत ते लपवीत होता. लपविलेला रुग्ण साथ वाढवितो, हे कळूनही कारभाऱ्यांनी जाचाचा मार्ग सोडला नाही. पुण्यात याच असंतोषातून २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये दंगल उसळली. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

या साथीने पुढील दोन दशकांत देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. मुंबईत तिचा आणखी एक परिणाम झाला. हवा-उजेड नसलेल्या दाटीच्या वस्त्या मोडून रुंद रस्ते काढण्यासाठी १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते आणि दादर-माटुंग्याची आखीव वसाहत ही त्या ट्रस्टची देणगी होय.

महापालिकेचे अध्यक्षपद

प्लेगच्या काळातील कामगिरीने डॉ. व्हिएगस यांचे नाव सर्वतोमुखी झाले. महापालिकेत स्थायी समितीच्या अध्यक्षपदापर्यंत ते पोहोचले आणि १९०६ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती गृहस्थ होते. सार्वजनिक आरोग्य हा विषय केवळ डॉक्टरांचा नसून नळ, गटारे, घरबांधणी आणि अंदाजपत्रक यांच्याशी जोडलेला आहे, हे जाणणारा माणूस त्या पदावर बसला होता. १९३३ साली त्यांचे निधन झाले. धोबीतलाव परिसरात मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभारण्यात आला आणि त्याच भागातील एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. रोज तेथून ये-जा करणाऱ्या हजारो मुंबईकरांपैकी फार थोड्यांना त्यामागची कहाणी माहीत असते.

गाठींची भाषा

डॉ. व्हिएगस यांच्यानंतरच्या काळात गाठींसह येणाऱ्या तापांचे ज्ञान कितीतरी पुढे गेले. फायफर यांच्या ग्रंथिज्वराला १९२० साली अमेरिकेत संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस हे नाव मिळाले. १९३२ मध्ये पॉल आणि बनेल यांनी त्यासाठी रक्तचाचणी शोधली. १९६४ साली एपस्टीन, अचाँग आणि बार यांनी एका विषाणूचा शोध लावला आणि चार वर्षांनी हाच विषाणू ग्रंथिज्वराचे कारण असल्याचे निष्पन्न झाले. तो लाळेतून पसरतो. घशावर पांढरट थर, मानेच्या पुढील आणि मागील बाजूस गाठी, आठवडे टिकणारा थकवा आणि कधी वाढलेली प्लीहा ही त्याची चिन्हे. अशा रुग्णाला घशाच्या साध्या संसर्गाचा समजून अॅम्पिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिल्यास अंगावर लाल पुरळ उठते, ते औषधाच्या अॅलर्जीचे मानले जाते आणि रुग्ण आणखी गोंधळात पडतो.

असेच चित्र निर्माण करणारे इतरही आजार आहेत. सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गात ताप आणि थकवा दिसतो, पण घसा फारसा दुखत नाही. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे मानेत न दुखणाऱ्या गाठी येतात. गरोदरपणी हा संसर्ग गर्भाला धोकादायक ठरू शकतो. रुबेलात कानामागे गाठी हाताला लागतात. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी ताप, पुरळ, घसादुखी आणि गाठी अशी लक्षणे येऊन आपोआप जातात. त्यावेळी केवळ प्रतिपिंडांची चाचणी केल्यास ती नकारार्थी येऊ शकते. त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी करणे किंवा विषाणूचाच अंश शोधणारी चाचणी करणे आवश्यक असते. भारतात आठवड्यांमागून आठवडे वाढत जाणारी, संध्याकाळी बारीक ताप आणि वजनात घट घेऊन येणारी मानेची गाठ असेल, तर जुन्या गंडमाळेची, म्हणजे क्षयाची आठवण आधी ठेवावी लागते.

यवतमाळसारख्या शेतीप्रधान जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एका तापाचा उल्लेख अगत्याचा आहे. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. गवत आणि झुडपांतील अतिसूक्ष्म कीटकाच्या अळ्या चावल्याने हा ताप येतो. चावलेल्या जागी, अनेकदा काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते आणि तिच्या जवळची गाठ सुजते. खपली दुखत नाही, त्यामुळे रुग्ण सांगत नाही आणि कपडे बाजूला सारून पाहिले नाही तर डॉक्टरलाही दिसत नाही. खपली सर्वच रुग्णांत असते असे नाही. परंतु ती सापडली तर निदान लवकर होते. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने हा ताप आटोक्यात येतो. निदानास उशीर झाला तर मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि मेंदू यांवर परिणाम होऊन प्राणावर बेतते.

या सर्व आजारांत डॉक्टरला विचारावे लागणारे प्रश्न मात्र व्हिएगस यांच्या काळचेच आहेत. गाठ कोठे आहे, मानेत की जांघेत? ती एका ठिकाणी आहे की अनेक ठिकाणी? किती दिवसांत वाढली? दुखते का? जवळपास जखम, चावा किंवा खपली आहे का? घरात, शेजारी किंवा कामाच्या जागी आणखी कोणाला असाच ताप आहे का? या उत्तरांवरून कोणती रक्तचाचणी करायची ते ठरते. प्रयोगशाळा कितीही आधुनिक असली, तरी तिला योग्य प्रश्न विचारण्याचे काम रुग्ण तपासणाऱ्या माणसालाच करावे लागते. रुग्णानेही गाठ, खपली किंवा पुरळ संकोचाने लपवून ठेवू नये.

बीड आणि सुरतचा इशारा

मुंबईच्या त्या साथीनंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात ताप आणि जांघेत गाठी असलेले रुग्ण आढळले. पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोकांनी ते शहर सोडले. परदेशी विमानसेवा बंद झाल्या, निर्यातीला फटका बसला. हा प्लेगच का, यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद चालला. वेळीच योग्य नमुने घेऊन जंतू वाढविण्यात त्रुटी राहिल्याने हा वाद लांबला. पुढे जनुकीय चाचण्यांनी सुरतेतील जंतू प्लेगचाच असल्याचे दाखविले. १८९६ मध्ये असलेली व्यापाराची धास्ती, नावाबद्दलची चालढकल आणि घबराट यांची ही पुनरावृत्तीच होती. फरक इतकाच की आता प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी गुणकारी औषधे उपलब्ध होती.

१८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये करोनाच्या काळात पुन्हा सर्वांच्या चर्चेत आला. सोव्वाशे वर्षे टिकलेला हा कायदा ज्या साथीतून जन्मला, तिची पहिली सूचना मांडवीतल्या एका दवाखान्यातून आली होती. प्लेगच्या इतिहासात हाफकिन यांची लस, येर्सिन यांचा जंतू आणि रँडचा वध यांची नोंद ठळकपणे होते. त्या सर्वांच्या आधी एका डॉक्टरने तापलेल्या रुग्णाच्या जांघेतील गाठ तपासली, तिचा अर्थ लावला आणि तो अर्थ गैरसोयीचा असूनही योग्य ठिकाणी सांगितला. साथीच्या प्रसंगी आरोग्य यंत्रणेची पहिली कसोटी आजही तेथेच लागते.